डेस्कटॉप आपोआप बदलतो आणि संशय घरच्यांवर जातो

वाचकाचं पत्र, थोडक्यात: या ताई घरून प्रूफं तपासायचं काम करतात. लॅपटॉप एकच, लॉगिनही एकच. तोच लॅपटॉप संध्याकाळी कॉलेजात जाणारा मुलगा गेम खेळायला आणि टीव्हीला जोडून पिक्चर बघायला घेतो. ताईंनी डेस्कटॉपवर कामाची मांडणी केलीय: डावीकडे नवीन आलेली प्रकरणं, मधे चालू असलेली, उजवीकडे तपासून झालेली. पण अधूनमधून, मुलाने रात्री लॅपटॉप वापरला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आयकॉन डावीकडे गोळा झालेले असतात, कधी वॉलपेपरच भलता, कुठल्यातरी अनोळखी धबधब्याचा असतो, आणि एकदा तर अख्खी स्क्रीन काळी आणि अक्षरं भडक रंगाची झाली होती. या गोंधळात एक न तपासलेलं प्रकरण 'झालं' समजून पुढे पाठवलं गेलं. त्यावरून मुलाला बोलल्या, तो म्हणतो मी तुझ्या फायलींना हातसुद्धा लावला नाही, आणि तेव्हापासून दोघांमधे धड बोलणं नाही. ओळखीच्या एकाने 'सगळं अपडेटमुळे होतं' म्हणून विंडोजचे अपडेट बंद करून दिलेत, तरी मांडणी विस्कटतेच. त्या विचारतात, हे सगळं एकदाचं लॉक करता येईल का, मुलाला लॅपटॉप देणं बंद करू का, आणि 'फोल्डर वापर ना, कशाला हट्ट' असं घरचे म्हणतात ते बरोबर आहे का.

ताई, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते कारण तो तुम्ही अगदी दबक्या आवाजात विचारलाय. नाही, हा हट्ट नाही. ज्याचं काम दिवसभर एका स्क्रीनसमोर चालतं त्याचा हात सवयीने एका ठरावीक जागी जातो, डोळे वाचायच्या आधीच जागेवरून ओळखतात की हे नवीन आणि ते झालेलं, आणि ती जागा रात्रीत बदलली की नुसता वेळ जात नाही, चुका होतात. तुमची झाली तशीच. त्यामुळे डेस्कटॉप जसा ठेवला तसाच सकाळी मिळावा ही मागणी अगदी रास्त आहे आणि त्यासाठी कोणाची माफी मागायची गरज नाही.

पण पत्रात दोन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्यात, त्या जरा तपासून बघू.

पहिली म्हणजे 'कोणीतरी केलंय किंवा अपडेटने केलंय', म्हणजे एकच कोणीतरी दोषी आहे. तुम्ही लिहिलेल्या तीन घटना (आयकॉन गोळा होणं, वॉलपेपर बदलणं, स्क्रीन काळी होणं) मला तरी एकाच कारणाच्या वाटत नाहीत, तिन्ही वेगळ्या दिसतात आणि म्हणून एक उपाय करून बघितला की बाकीच्या दोन चालूच राहतात आणि माणूस हताश होतो. दुसरी म्हणजे, आयकॉन हलले याचा अर्थ कोणीतरी आयकॉन हलवले. इथेच तुमच्या मुलाचा विषय येतो म्हणून हे सगळ्यात आधी आणि जरा सविस्तर लिहिते.

लॅपटॉपची स्क्रीन समजा १९२० बाय १०८० ठिपक्यांची आहे. तुमचं 'झालेलं काम' उजव्या कडेला आहे, म्हणजे डावीकडून मोजलं तर साधारण १७०० व्या ठिपक्यापाशी. आता संध्याकाळी मुलाने गेम उघडला. बरेच गेम, विशेषतः जुने किंवा जड गेम, फुल स्क्रीनमधे जाताना रिझॉल्यूशन, म्हणजे ही ठिपक्यांची संख्या, कमी करून घेतात, समजा १२८० बाय ७२० वर आणतात. ही जागा आधीच्या निम्म्याहूनही कमी झाली आणि त्यात १७०० वा ठिपका मुळात नाहीच! मग विंडोजला ते उजवीकडचे आयकॉन कुठेतरी बसवावे लागतात, ते डावीकडे सरकवून मोकळ्या जागेत टाकतं. गेम बंद झाला, रिझॉल्यूशन परत जागेवर आलं, पण आयकॉन प्रत्येक वेळी आपापल्या जुन्या जागी परत जातातच असं नाही, बऱ्याचदा जिथे टाकले तिथेच पडून राहतात. टीव्ही जोडला तरी हेच होऊ शकतं कारण 'डुप्लिकेट' मोडमधे दोन्ही स्क्रीनना एकच चित्र दाखवायचं असतं, मग दोघांना झेपेल असं रिझॉल्यूशन निवडलं जातं.

म्हणजे बघा, मुलगा म्हणतो मी तुझ्या फायलींना हात लावला नाही, तर तो खरं बोलतोय याची शक्यता खूप मोठी आहे. आणि तुमचं निरीक्षण, की तो वापरतो त्या रात्रीनंतरच हे होतं, तेही खरं असू शकतं. दोघंही बरोबर आणि तरी भांडण, असं झालंय. त्याला जाऊन हेच सांगा, की मला कळलंय काय होतंय ते, तू काही केलं नव्हतंस. मग पुढचा भाग दोघांनी मिळून करा, कारण गेमच्या सेटिंगमधे तुमच्यापेक्षा तो पटकन पोचेल. गेममधे डिस्प्ले किंवा व्हिडिओ नावाच्या भागात रिझॉल्यूशन असतं, ते लॅपटॉपच्या स्वतःच्या रिझॉल्यूशनइतकंच ठेवायचं, आणि 'बॉर्डरलेस' असा पर्याय असेल तर फुल स्क्रीनऐवजी तो निवडायचा, त्यात डेस्कटॉपचं रिझॉल्यूशन सहसा तसंच राहतं. टीव्ही जोडताना विंडोजची कळ आणि पी दाबून 'डुप्लिकेट'च्या जागी 'एक्स्टेंड' निवडायचं, म्हणजे टीव्ही ही दुसरी वेगळी स्क्रीन होते आणि लॅपटॉपची स्क्रीन आहे तशी राहते. फक्त डिस्प्लेच्या सेटिंगमधे लॅपटॉपचीच स्क्रीन 'मेन डिस्प्ले' आहे ना हे बघून घ्या, नाहीतर आयकॉन उठून टीव्हीवर जातील. त्याच पानावर 'स्केल' म्हणून एक आकडा असतो, १०० टक्के, १२५ टक्के असा, तो कोणी बदलला तरी आयकॉनांची मांडणी हलते, म्हणून तो एकदा काय तो ठरवून टाका.

खरं तर या सगळ्याहून सोपा आणि पक्का उपाय एकच आहे, मुलासाठी वेगळं लॉगिन. सेटिंग्जमधे अकाउंट्स, त्यात अदर युजर्स, तिथून नवीन अकाउंट जोडा. प्रत्येक अकाउंटचा डेस्कटॉप वेगळा, वॉलपेपर वेगळा, आयकॉन वेगळे, आणि एकाच्या अकाउंटमधली मांडणी दुसऱ्याला दिसतही नाही. मुलाचं अकाउंट 'स्टँडर्ड' ठेवा, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नको, म्हणजे तुमच्या फायली त्याला सहजासहजी उघडता येणार नाहीत आणि संपूर्ण लॅपटॉपवर परिणाम करणारी कुठलीही गोष्ट करताना पासवर्ड मागितला जाईल. एक नियम मात्र दोघांनी पाळायचा, त्याने लॅपटॉप वापरायला घेण्याआधी तुमचं अकाउंट साइन आउट केलेलं हवं, नुसतं 'स्विच' करून मागे चालू ठेवलेलं नको, कारण मागे चालू असलेल्या डेस्कटॉपलाही स्क्रीन बदलल्याचा फटका बसू शकतो. लॅपटॉप देणं बंद करू का, असं तुम्ही विचारलंत त्याचं हेच उत्तर आहे, द्या, पण वेगळ्या दाराने. ज्या ज्या घरात एकच कॉम्प्युटर तिघं-चौघं वापरतात त्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याने निम्मी भांडणं मिटतात.

आता तुमच्या स्वतःच्या डेस्कटॉपकडे येऊ.

मोकळ्या जागेवर राइट क्लिक करा, वर 'व्ह्यू' दिसेल, त्यात 'ऑटो अरेंज आयकॉन्स' वर टिक आहे का बघा. असेल तर काढून टाका. बऱ्याच जणांना वाटतं की हे चालू ठेवलं की मांडणी नीट राहील, होतं बरोबर उलटं, ते चालू असेल तर विंडोज सगळे आयकॉन डावीकडून रांगेत लावतं आणि तुम्ही उजवीकडे ओढलेला आयकॉन परत रांगेत जाऊन बसतो. त्याच्याच खाली 'अलाइन आयकॉन्स टू ग्रिड' आहे, ते चालू राहू द्या, त्याने फक्त आयकॉन सरळ रेषेत बसतात, जागा सोडत नाहीत. 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' पण तिथेच आहे, ती टिक चुकून निघाली की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि छातीत धस्स होतं, पण फायली कुठे गेलेल्या नसतात, टिक परत केली की हजर. आणि शेजारचं 'सॉर्ट बाय' याच्या वाटेला अजिबात जाऊ नका, एका क्लिकमधे सगळी मांडणी नावाप्रमाणे किंवा तारखेप्रमाणे लागते आणि कंट्रोल झेड दाबून ती परत येत नाही.

अजून एक, कंट्रोलची कळ दाबलेली असताना डेस्कटॉपवर माऊसचं चाक फिरलं तर आयकॉन मोठे-छोटे होतात, आणि आकार बदलला की ओळी बदलतात. प्रूफं तपासणाऱ्या माणसाचा हात दिवसभर कंट्रोलवर असतो म्हणून मुद्दाम सांगते. परत चाक फिरवलं की आकार येतो, जागा येतीलच असं नाही.

वॉलपेपरचं कारण वेगळं. सेटिंग्जमधे पर्सनलायझेशन, त्यात बॅकग्राउंड. तिथे 'विंडोज स्पॉटलाइट' निवडलेलं असेल तर विंडोज स्वतःच इंटरनेटवरून रोज नवीन फोटो आणून लावतं, तुम्ही लिहिलाय तो कुठलातरी अनोळखी धबधबा असाच आला असणार. त्या वेळी डेस्कटॉपवर त्या फोटोची माहिती देणारा एक आयकॉन पण दिसतो, तो दिसला होता का आठवून बघा, दिसला असेल तर शंकाच नको. 'स्लाइडशो' असेल तर ठरावीक वेळाने चित्र बदलतं. दोन्ही नको, सरळ 'पिक्चर' निवडा आणि एकच चित्र द्या. ते चित्र पेन ड्राइव्हवर किंवा डाउनलोड्सच्या ढिगात ठेवू नका, पिक्चर्स फोल्डरमधे ठेवा. तिथल्याच 'थीम्स' मधे शिरून 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज' उघडलं तर खाली 'अलाऊ थीम्स टू चेंज डेस्कटॉप आयकॉन्स' अशी ओळ आहे, तिची टिक काढा. आणि 'कलर्स' मधे ॲक्सेंट कलर 'ऑटोमॅटिक' वर असेल तर वॉलपेपर बदलला की पट्ट्यांचे रंगही बदलतात, तो 'मॅन्युअल' करा.

एवढं करूनही वॉलपेपर बदलला तर दोन ठिकाणी बघायचं. एक, तुम्ही तेच मायक्रोसॉफ्ट अकाउंट दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर वापरता का? वापरत असाल तर एकीकडचं रंगरूप दुसरीकडे येतं, कारण ते सिंक होतं. अकाउंट्समधे 'विंडोज बॅकअप' आहे, त्यात 'रिमेंबर माय प्रेफरन्सेस', तिथे पर्सनलायझेशनचं बंद करा. दोन, 'ॲप्स' मधलं 'स्टार्टअप' उघडा आणि लॅपटॉप सुरू होताना कुठली ॲप आपोआप चालू होतात ते वाचा, वॉलपेपर बदलणारं एखादं ॲप कधीतरी कशाबरोबर तरी येऊन बसलेलं असतं, रोज नवीन चित्र लावणं हेच त्याचं काम असतं. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की आधी ते बंद करा, चार दिवस बघा, मग काढून टाका.

इथे एक गोष्ट जी खूप लोकांना गोंधळात टाकते ती पण सांगून टाकते. विंडोजमधे एकाहून जास्त डेस्कटॉप असतात, व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात त्यांना, आणि विंडोज ११ मधे प्रत्येकाला वेगळा वॉलपेपर देता येतो. टचपॅडवर चार बोटं आडवी सरकली की एकावरून दुसऱ्यावर जातो. मग दिसतं काय, तर वॉलपेपर वेगळा आणि उघडलेल्या सगळ्या खिडक्या गायब, माणसाला वाटतं काम गेलं. गेलेलं काही नसतं, विंडोज आणि कंट्रोल धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, परत याल. नको असलेला जादा डेस्कटॉप विंडोज आणि टॅब दाबून खाली दिसतो, तिथून बंद करता येतो, त्यात उघडलेल्या खिडक्या शेजारच्या डेस्कटॉपवर येतात, बंद होत नाहीत.

काळी स्क्रीन आणि भडक अक्षरं म्हणजे बहुतेक हाय कॉन्ट्रास्ट. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी ती फार उपयोगाची सोय आहे. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या तीन कळा एकदम दाबल्या गेल्या की विंडोज विचारतं, आणि आपण न वाचता 'येस' करतो. त्याच तीन कळा परत दाबल्या की पूर्ववत. सेटिंग्जमधे ॲक्सेसिबिलिटी, त्यात कॉन्ट्रास्ट थीम्स, तिथे ही कळांची सोय बंदही करता येते. संध्याकाळनंतर स्क्रीन पिवळट होत असेल तर 'नाइट लाइट'चं वेळापत्रक चालू आहे, सगळंच अवाढव्य मोठं दिसत असेल तर मॅग्निफायर, ते विंडोज आणि एस्केप दाबून जातं.

आता अपडेट. इथे मी तुमच्या त्या ओळखीच्या माणसाशी अजिबात सहमत नाही आणि हे वाचून झालं की पहिलं काम म्हणून अपडेट परत चालू करा अशी माझी कळकळीची विनंती आहे. अपडेट दोन जातीचे असतात. दर महिन्याला येतात ते मुख्यतः सुरक्षेचे, त्यांचा तुमच्या आयकॉनांशी फारसा संबंध नसतो. वर्षातून एकदा नवीन आवृत्ती येते, तिच्यात दिसण्यातले बदल जास्त असतात, कधी एखादं सेटिंग मूळपदावर जातं, टास्कबारवर नवीन काहीतरी उगवतं. त्रास झालाच तर या दुसऱ्या प्रकाराचा होतो, आणि तो सोसायची तयारी म्हणून सेटिंग्जमधे अपडेट ५ आठवड्यांपर्यंत थांबवायची सोय आहे. अंगावर एखादं मोठं काम असेल, तारीख जवळ असेल, तर थांबवा ना, खुशाल थांबवा, काम देऊन झालं की चालू करा. कायमचं बंद करणं मात्र धोक्याचं आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले लाखो कॉम्प्युटर बंद पाडले, फायलींना कुलूप लावून पैसे मागितले, आणि ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमधे दिलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता ते सापडले. आणि हो, त्या व्हायरसने लोकांचा वॉलपेपरही बदलला होता, काळ्या पडद्यावर लाल अक्षरात धमकी. म्हणून एवढं लक्षात ठेवा, वॉलपेपरवर कधी पैशांची मागणी किंवा 'तुमच्या फायली लॉक झाल्यात' असलं काही दिसलं तर ती सेटिंगची गोष्ट नाही, लगेच वायफाय बंद करा, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडलेली असेल तर काढा, आणि जाणकार माणसाला बोलवा, पैसे भरू नका.

दुसरा एक धोक्याचा प्रकार आहे, तो दिसायला साधा वाटतो. लॉगिन केल्यावर डेस्कटॉप एकदम कोरा, नवीन लॅपटॉप घेतल्यासारखा, तुमची एकही फाइल नाही आणि कोपऱ्यात टेम्पररी प्रोफाइल असा काहीतरी संदेश. अशा वेळी विंडोजला तुमचं प्रोफाइल उघडता आलेलं नसतं, म्हणून त्याने तात्पुरतं दिलेलं असतं. तिथे बसून अजिबात काम करू नका, त्यात जे काही सेव्ह कराल ते साइन आउट केल्यावर पुसलं जातं. रीस्टार्ट करून बघा, दोन-तीनदा करूनही तेच आलं तर दुरुस्ती करून घ्या, तुमच्या मूळ फायली सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमधे तुमच्या नावाखाली सहसा असतातच.

वनड्राइव्हचंही थोडं, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली साठवायची सोय. त्याने डेस्कटॉपचा बॅकअप चालू केला की तुमचा डेस्कटॉप खरं म्हणजे वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरमधे जातो, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच खातं असेल तर तिथल्या फायली इकडे येऊन बसतात. बॅकअप म्हणून चांगलं आहे, तुमच्यासारख्या कामाला तर हवंच. पण वैतागून एकदम बंद केलंत तर डेस्कटॉप रिकामा दिसेल, घाबरू नका, वनड्राइव्हच्या फोल्डरमधे जाऊन डेस्कटॉप उघडा, तिथे सगळं असतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कायमचं लॉक करता येतं का. वॉलपेपर आणि थीमपुरतं हो, विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नावाची सोय आहे, त्यात वॉलपेपर बदलायला मनाई करता येते, कंपन्यांमधे सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच चित्र असतं ते त्यामुळेच. (तुमचा कॉम्प्युटर ऑफिसचा असेल आणि रोज सकाळी ऑफिसचाच वॉलपेपर परत येत असेल तर घरी डोकं खपवू नका, ते तिकडूनच ठरतं.) होम आवृत्तीत ही सोय दिसत नाही, त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची आतली सेटिंगं साठतात तिथे, हात घालायचे उपाय लोक सांगतात, ते मी तुम्हाला सांगणार नाही, एका वॉलपेपरसाठी ती जोखीम नको. आणि आयकॉनांच्या जागा लॉक करायचं बटण विंडोजमधे नाहीच, कुठल्याच आवृत्तीत. हे ऐकून वाईट वाटेल पण हे माहीत असलं की माणूस ते शोधण्यात दिवस घालवत नाही.

लॉक नाही, पण परत आणता येतं, आणि माझ्या मते तेच जास्त उपयोगाचं आहे. डेस्कटॉप-ओके नावाचं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आयकॉनांच्या जागा नोंदवून ठेवतं, रिझॉल्यूशननुसार वेगळ्या नोंदी ठेवता येतात, विस्कटलं की नोंद निवडून 'रिस्टोर' म्हणायचं, आयकॉन आपापल्या जागी. घ्यायचं तर मूळ निर्मात्याच्या साइटवरूनच घ्या, भलत्या डाउनलोडच्या पानावरून नको. रंग आणि वॉलपेपरसाठी 'थीम्स' मधे सगळं मनासारखं करून 'सेव्ह' करा आणि त्याला नाव द्या, म्हणजे काही बदललं की एका क्लिकवर जुनं रूप परत. थीममधे आयकॉनांच्या जागा साठत नाहीत, म्हणून दोन्ही करा. तेही नको असेल तर निदान मांडणी नीट असताना विंडोज आणि प्रिंट स्क्रीन दाबा, फोटो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समधे पडतो, त्यात बघून परत लावता येतं. आणि लावून झालं की लॅपटॉप नीट शटडाउन करा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला तर नुकतीच केलेली मांडणी साठवली न जाण्याची शक्यता असते.

आता जरा नाजूक बोलते. तुमची मांडणी चांगली आहे, ती ठेवा, पण कुठलं काम झालं आणि कुठलं राहिलं याची एकमेव नोंद आयकॉन कुठे आहे ही असू नये. ते चुकीचं प्रकरण गेलं ते डेस्कटॉप विस्कटल्यामुळे गेलं हे खरं, पण त्याच्या नावात 'झालं' किंवा 'राहिलं' असं काही असतं तर विस्कटूनही गेलं नसतं. टेबलावरचे गठ्ठे वाऱ्याने उडाले तरी प्रत्येक कागदावर शेरा असेल तर परत लावता येतात, तसं. फाइलच्या नावाच्या सुरुवातीलाच १, २, ३ घाला, १ म्हणजे आलेलं, २ म्हणजे चालू, ३ म्हणजे झालेलं, काम पुढे सरकलं की आकडा बदला. एफ २ दाबलं की नाव बदलता येतं, दोन सेकंदांचं काम आहे. याचा गंमतशीर फायदा असा की उद्या कोणी 'सॉर्ट बाय नेम' केलं तरी तुमची कामं आपोआप तीन गटांतच लागतील. आणि वॉलपेपर म्हणून पेंटमधे स्क्रीनच्याच मापाचं साधं फिकट रंगाचं चित्र बनवा, दोन उभ्या रेघा, तीन भाग, वर 'आलेलं', 'चालू', 'झालं' असं लिहिलेलं. नावातल्या आकड्यावरून कुठला आयकॉन कुठल्या भागात टाकायचा हे लगेच कळतं, डोक्याला ताण नाही. फोल्डर वापर म्हणणाऱ्यांना जे म्हणायचंय त्यातलं घेण्यासारखं एवढंच आहे, बाकी तुमची पद्धत तुमची.

ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'यूज स्टॅक्स' (फायलींचे आपोआप गठ्ठे करणारी सोय) बंद ठेवा आणि 'सॉर्ट बाय' मधे 'नन' किंवा 'स्नॅप टू ग्रिड' ठेवा. दिवसभरात वॉलपेपर उजळ-गडद होत असेल तर ते डायनॅमिक चित्र आहे, ही सोय २०१८ पासून आलीय, वॉलपेपरच्या सेटिंगमधे स्थिर चित्र निवडा. वॉलपेपरवर क्लिक केलं की सगळ्या खिडक्या बाजूला पळतात ते २०२३ च्या सोनोमा आवृत्तीपासूनचं, 'डेस्कटॉप अँड डॉक' मधे ते फक्त स्टेज मॅनेजरपुरतं (खिडक्या कडेला लावून ठेवणारी सोय) करता येतं. आणि स्पेसेसचा (मॅकमधले व्हर्च्युअल डेस्कटॉप) क्रम आपोआप बदलतो तोही त्याच पानावर बंद होतो.

तर ताई, क्रम असा ठेवा: आज अपडेट चालू आणि मुलाशी बोलणं, उद्या त्याचं वेगळं लॉगिन, मग सवडीने ऑटो अरेंज, वॉलपेपर आणि फायलींची नावं. एका दिवशी सगळं बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. जवळ एक वही ठेवा आणि परत कधी काही हललं तर नेमकं काय हललं (जागा, आकार, चित्र की रंग) आणि त्याच्या आधी काय जोडलं, उघडलं किंवा बसवलं होतं एवढंच लिहा. महिनाभर करूनही आयकॉन हलत राहिले तर ती नोंद, लॅपटॉपवर विंडोजची कुठली आवृत्ती आहे ते आणि स्क्रीनचं रिझॉल्यूशन असं मला परत लिहून पाठवा, त्यावरून पुढचं बघू.